पेवातला कंदील

(प्रस्तावना)

माझ्या आजोळी ज्वारीचे पेव होते. तोंडाशी अरुंद, पोटात ऐसपैस. सुगी आटोपली, की चांगली वाळवलेली ज्वारी त्यात ओतायची, तोंडावर दगड ठेवून माती लिंपायची आणि काही महिने तिकडे पाहायचेही नाही. पेव उघडायचा दिवस आम्हा पोरांना चुकवायचा नसे. दगड सरकला, की आतून उबट, आंबूस वास येई. पण लगेच कुणी उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडे ठेवायचे आणि मग आजोबा पेटता कंदील दोरीला बांधून हळूहळू खाली सोडायचे. एकदा तो पुरुषभर खाली गेला असेल नसेल, तोच ज्योत बारीक झाली, थरथरली आणि विझली. वारा नव्हता, कंदिलात तेल होते. आजोबांनी दोरी वर ओढली आणि एवढेच म्हणाले, "आज नको."

जिथे दिवा जगत नाही, तिथे माणूस जगत नाही, हे त्या अंगणातल्या सगळ्यांना ठाऊक होते. सांगलीजवळच्या हरिपुरात, जिथे हळदीची पेवे पिढ्यान् पिढ्या वापरली गेली, तिथेही हे ठाऊक असणार. विहिरीचा गाळ काढणाऱ्यांनाही ते ठाऊक असते. ज्यांनी ते मानले नाही, त्यांच्या मरणाच्या बातम्या आजही वर्तमानपत्रांत येतात. पहिला आत कोसळला म्हणून त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि दुसऱ्यासाठी तिसरा.

ज्योत का विझली, हे मला कळायला शाळा आणि महाविद्यालय ओलांडावे लागले. पेवातला ज्वारीचा दाणा मेलेला नसतो. तो अतिशय सावकाश, पण श्वसन करत असतो. त्याच्यासोबत आत गेलेले किडे श्वसन करतात, ओलसर कोपऱ्यातली बुरशी श्वसन करते. सगळे मिळून कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड. बंदिस्त खड्ड्यात तो साचून राहतो. गंमत अशी, की त्यामुळेच किडे मरतात आणि धान्य टिकते. ज्या हवेने धान्य राखले, तीच उतरणाऱ्याचा जीव घेते.

हे पुस्तक त्या विझलेल्या कंदिलापासून सुरू झाले, असे मी मानतो. दिवा आणि जीव एकाच हवेवर का चालतात? आपल्या भाषेने तर माणसाच्या मरणाला प्राणज्योत मालवणे म्हटले. या शब्दांत केवळ कल्पना आहे की त्यामागे काही तथ्य आहे? पुढची सगळी प्रकरणे या एका प्रश्नाचे उत्तर शोधतात.

एक अर्धवट वाक्य

अनेक वर्षे वर्गात शिकवताना एक वाक्य मी शेकडो उत्तरपत्रिकांत वाचले: "प्राणी ऑक्सिजन घेतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात, वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात व ऑक्सिजन सोडतात." वाक्य पाठ करायला सोपे आहे, म्हणूनच ते इतके पसरले. त्यातून पोरांच्या मनात पक्के बसते, की झाडांचे श्वसन आपल्या उलट चालते. तसे मुळीच नाही. झाडे आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात, आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि हे दिवसरात्र, पानापासून मुळाच्या टोकापर्यंत चालू असते. त्याखेरीज ती एक वेगळे काम करतात, प्रकाशसंश्लेषण. ते फक्त हिरव्या भागांत आणि फक्त उजेडात चालते. दिवसा हे दुसरे काम इतक्या जोरात चालते, की पहिले झाकले जाते.

याच अर्धवट वाक्यातून दोन समजुती निघाल्या आहेत. एक अशी, की खोलीत रात्री कुंडी ठेवली तर ती आपला ऑक्सिजन खाते. प्रत्यक्षात कुंडीतल्या रोपापेक्षा शेजारी झोपलेला माणूस कितीतरी अधिक ऑक्सिजन वापरतो, आणि त्याला कुणी खोलीबाहेर घालवत नाही. दुसरी अशी, की पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो. ऑक्सिजन बाहेर पडतो तो पानात पाण्याचा रेणू फुटल्यावर, आणि तो फोडायला प्रकाश लागतो. अंधारात हे काम कोणत्याच झाडाला जमत नाही. पिंपळाबद्दलचा आदर मलाही आहे. त्या आदराला चुकीच्या आधाराची गरज नाही.

पुदिना, गिनीपिग आणि बर्फ

दिवा आणि जीव यांचे नाते प्रयोगाने तपासायला माणसाने अठराव्या शतकात सुरुवात केली. स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७५० च्या दशकात एक वायू ओळखला, जो चुन्याच्या निवळीला दुधाळ करतो. आपल्या उच्छ्वासानेही निवळी तशीच दुधाळ होते, हे त्यांनी दाखवले. तो वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी १७७१ मध्ये बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली आणि त्या निकामी हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळाली. १७७४ मध्ये त्यांनी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याची तांबडी राख तापवली आणि एक वायू मिळवला. त्यात ज्योत लखलखून जळत होती आणि उंदीर नेहमीपेक्षा जास्त वेळ जगत होता. स्वीडनचे कार्ल शील यांनी हाच वायू त्याआधी मिळवला होता, पण त्यांचे पुस्तक उशिरा, १७७७ मध्ये निघाले. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी कोड्याचा उरलेला भाग सोडवला: हवा सुधारतात ती फक्त वनस्पतींची हिरवी अंगे आणि तीही उजेडात; अंधारात वनस्पतीही हवा बिघडवतात. आपल्या उत्तरपत्रिकांतले ते वाक्य म्हणजे सव्वादोनशेहून अधिक वर्षे जुनी, केव्हाच दुरुस्त झालेली चूक आहे.

पण पेवातल्या कंदिलाचे खरे उत्तर पॅरिसमध्ये मिळाले. आंत्वान लाव्हाझिए आणि प्येर-सिमाँ लाप्लास यांनी १७८२-८३ च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला, ते मोजले. तेवढ्याच वेळात त्याने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, तेही मोजले. मग तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला, तर किती बर्फ वितळतो, ते पाहिले. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, पण इतके जवळ आले की निष्कर्ष टाळता येईना: श्वसन म्हणजे मंद ज्वलन. कंदिलात जे घडते, तेच गिनीपिगात घडते. फक्त ज्योतीविना, सावकाश. प्राणज्योत या शब्दामागे तथ्य होते.

एक गोष्ट मात्र लाव्हाझिए यांना नीट उमगली नाही. हा जाळ फुप्फुसात पेटतो, असे त्यांना वाटत होते. १७९४ मध्ये फ्रान्सच्या क्रांतीत त्यांचा शिरच्छेद झाला, आणि जाळाची खरी जागा शोधायचे काम पुढच्यांवर आले. इटलीचे स्पालान्झानी यांनी शरीरापासून वेगळे केलेले ऊतीचे तुकडेही ऑक्सिजन घेतात, हे दाखवले. पुढच्या शतकात खात्री पटली, की फुप्फुस हे फक्त दार आहे. चूल जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे.

चूल कुठे आहे

म्हणून या पुस्तकात मी दोन शब्द कटाक्षाने वेगळे ठेवले आहेत. हवा आत घेणे आणि बाहेर सोडणे म्हणजे श्वासोच्छ्वास. पेशीत अन्नातून ऊर्जा काढणे म्हणजे श्वसन. झाडाला छाती नाही, त्यामुळे त्याला श्वासोच्छ्वास नाही, श्वसन आहे.

पेशीतल्या तंतुकणिका या त्या चुली. त्यांत काय घडते, याचा हिशेब वाण्याच्या तराजूइतका चोख आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजला १९२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यातून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १०८ ग्रॅम पाणी निघते. दोन्ही बाजूंची बेरीज ३७२. काही हरवत नाही. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये यातला मधला मोठा टप्पा, एका फिरत्या चक्रासारखा, उलगडला. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये शेवटच्या टप्प्याचे मर्म मांडले: पेशी ऊर्जा साठवते ती धरणात पाणी अडवावे तशी, पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजनचे आयन अडवून. ते परत वाहतात तेव्हा एक सूक्ष्म चक्र फिरते आणि एटीपी हा पेशीचा इंधनरेणू तयार होतो. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती एक गोष्ट, जी बहुतेकांना उलटी वाटते. आपण आत घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर येत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड अन्नाच्या तुकड्यांतून, पाण्याच्या रेणूंची मदत घेऊन, आधीच सुटलेला असतो. ऑक्सिजन अगदी शेवटी येतो, थकून आलेले इलेक्ट्रॉन पदरात घेतो आणि पाणी होतो. त्याचे काम एवढेच, पण तो आला नाही तर मागची सगळी रांग खोळंबते. ऑक्सिजनविना पेशीला एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी मिळतात. ऑक्सिजन असेल तर सुमारे तीस. मेंदू काही मिनिटांतच हार का मानतो, ते या फरकावरून कळते.

या हिशेबातून रोजच्या आयुष्यातला एक प्रश्नही सुटतो. वजन उतरते तेव्हा चरबी कुठे जाते? घामात नाही, हवेत. १० किलो चरबी पूर्ण जळाली, तर त्यातले सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकावाटे जाते, उरलेले पाणी होते.

दम धर

प्रौढ माणूस स्वस्थ बसला असताना मिनिटाला बारा ते सोळा वेळा, दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. आत जाणाऱ्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, बाहेर येणाऱ्या हवेत सुमारे १६. कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आसपास जातो. फुप्फुसातले कोट्यवधी वायुकोश उलगडून पसरले, तर सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या घराएवढी जागा व्यापतील. त्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन रक्तात उतरतो आणि हिमोग्लोबिनवर स्वार होतो. तांबड्या पेशींत तंतुकणिका नसतात; त्या जो ऑक्सिजन वाहतात, त्यातला कणही स्वतः वापरत नाहीत.

परतीच्या वाटेने कार्बन डायऑक्साइड येतो, बहुतांश रक्तात बायकार्बोनेट होऊन. त्याला टाकाऊ म्हणायची आपल्याला सवय आहे. पण १९०४ मध्ये कोपनहेगनला क्रिस्टियान बोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल होते. स्नायू जितका राबेल, तितका तो कार्बन डायऑक्साइड अधिक सोडतो, आणि तितका ऑक्सिजन नेमका तिथेच मोकळा होतो. जाणारा वायू येणाऱ्याला पत्ता सांगतो.

पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, जॉन स्कॉट हॉल्डेन आणि जॉन प्रीस्टली (हे वेगळे प्रीस्टली) यांनी दाखवले, की नेहमीच्या परिस्थितीत श्वासाची लय ठरवतो तो कार्बन डायऑक्साइड. मराठीत दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे धीरही. दम धरला, की काही वेळाने छातीत जी असह्य ओढ लागते, ती मुख्यतः ऑक्सिजन संपल्याची नसते. कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. धोक्याची घंटा त्याच्या हातात आहे.

हे कळणे जीव वाचवणारे आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. विहिरीत सूर मारून पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशा पैजा पोरे लावतात आणि आधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड खूप कमी होतो. मग घंटा वाजायच्या आतच मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो आणि पोर पाण्याखाली बेशुद्ध होते. घरातल्या प्रत्येक पोहणाऱ्या मुलाला हे सांगा.

२०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या साथीत, घरोघरी ऑक्सिमीटर आला. बोटातून तांबडा आणि अवरक्त प्रकाश पाठवून तो ऑक्सिजन घेतलेले आणि न घेतलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखतो; ही युक्ती जपानचे टाकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात शोधली. त्या दिवसांत अनेकांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली. ऑक्सिजनचा आकडा धोक्याच्या पातळीखाली उतरलेला, आणि माणूस मात्र शांतपणे बोलतो आहे, धाप नाही. त्याचे एक कारण हेच. कार्बन डायऑक्साइड पडद्यातून ऑक्सिजनपेक्षा सुमारे वीसपट सहज जातो. आजारी फुप्फुसातूनही तो निघून जात होता, म्हणून घंटा वाजत नव्हती. त्या काळात आपण ऑक्सिजनसाठी रांगा लावल्या; पण दुसरा वायू समजला नसता, तर पहिल्याची कमतरता का कळली नाही, हेही समजले नसते.

ज्यांना नाक नाही

पुस्तकाचा मोठा भाग माणसाबाहेरच्या जिवांवर आहे, कारण हा एकच जाळ पेटता ठेवायच्या वाटा अनंत आहेत. नाकतोड्याच्या पोटाच्या बाजूला बारीक छिद्रे असतात. तिथून नळ्या थेट पेशींपर्यंत हवा नेतात, रक्ताला हे ओझे वाहावेच लागत नाही. गांडूळ ओल्या त्वचेतून ऑक्सिजन घेते. एक लिटर हवेत जितका ऑक्सिजन असतो, त्याच्या सुमारे तिसावा भागच एक लिटर पाण्यात असतो, आणि पाणी तापले की तोही घटतो. म्हणून माशाच्या कल्ल्यांत रक्त आणि पाणी एकमेकांच्या उलट दिशांनी वाहतात, म्हणजे शेवटच्या थेंबातूनही काही हाती लागावे. कोकणच्या खाडीतली निवटी चिखलावर उड्या मारते, ती ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या अस्तरातून हवा घेऊन. तिच्याच शेजारी तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर पेन्सिलींसारखी उभी असतात, कारण खालच्या चिखलात ऑक्सिजन जवळपास नसतोच. हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर उतरणारे पट्टकादंब हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरच्या उंचीवरही त्यांची नोंद झाली आहे. त्यांचे हिमोग्लोबिन विरळ हवेतही ऑक्सिजन घट्ट धरते.

आणि शेतकऱ्याने तर या विषयाला एक अनमोल शब्द दिला आहे: वाफसा. पावसानंतर जमीन वाफशावर आली, म्हणजे मातीत ओल आहे आणि हवाही आहे. पाणी तुंबले की माती हवा गमावते, मुळांचे श्वसन अडते, आणि पाण्यात उभे असलेले पीक पाणी असूनही पिवळे पडते. भाताच्या देठात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ते चिखलात तगते. मुळे श्वसन करतात, हे पाठ्यपुस्तकात येण्याआधी शिवारात कळलेले होते.

वाचकाला विनंती

ऑक्सिजनला मी या पुस्तकात प्राणवायू म्हटलेले नाही. तो शब्द सुंदर आहे, पण आपल्या परंपरेत त्याला शरीरातल्या पंचप्राणांचा जुना, वेगळा अर्थ आहे. शिवाय एकाला प्राण म्हटले, की दुसरा आपोआप वैरी ठरतो. खुद्द ऑक्सिजन हे नावही चुकीतून आले आहे: प्रत्येक आम्लात हा वायू असतोच, अशा समजातून लाव्हाझिए यांनी त्याला आम्लजनक या अर्थाचे नाव दिले. तरी ते आता सगळ्यांच्या तोंडी आहे आणि कुणाची बाजू घेत नाही, म्हणून तेच ठेवले.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी करून पाहाव्यात. मटकीला मोड आणायला फडक्यात गच्च बांधून ठेवाल, तेव्हा दुसऱ्या दिवशी पुरचुंडीच्या मध्यात बोट घाला. ती कोमट लागेल. लाव्हाझिए यांच्या गिनीपिगाची ऊब ती हीच. आणि पानाच्या चुन्याची निवळी पेल्यात घेऊन नळीने त्यात हळू फुंका. ओढू मात्र नका. काही श्वासांत ती दुधाळ होईल. तुमच्या भाकरीतला कार्बन तुमच्या डोळ्यांसमोर चुन्याला जाऊन मिळाला.

त्या कार्बनबद्दलच शेवटचे सांगायचे आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड कारखानदारीच्या आधी दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. मुले मला विचारत, इतकी माणसे श्वास सोडतात म्हणून का? नाही. मी आज सोडलेला कार्बन गेल्या रब्बीत ज्वारीच्या पानांनी हवेतून घेतला होता. वर्षभरात तो जिथून आला, तिथे परत गेला. दगडी कोळसा आणि खनिज तेल यांतला कार्बन मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वी हवेतून उचलला गेला आणि जमिनीखाली पुरला गेला. तो आपण दीड-दोन शतकांत वर काढला.

आजोबांच्या कंदिलात रॉकेल होते. ज्योत आणि माणूस एकाच हवेवर जगतात, हे त्या कंदिलाने शिकवले. त्या दोघांत फरक कसला, हे मला फार उशिरा कळले: जळण्याची रीत एकच, इंधनाचे वय वेगळे. रॉकेल कोट्यवधी वर्षांचे होते आणि ते जळले की परत येणार नव्हते. आजोबांच्या अंगातली ज्वारी त्याच शिवारातली, गेल्या सुगीची होती, आणि पुढच्या सुगीला पुन्हा पानांत जाणार होती.

दुसऱ्या दिवशी कंदील पुन्हा सोडला. या वेळी तो तळापर्यंत गेला आणि जळत राहिला. आजोबा म्हणाले, "आता उतरा."